रोशा, गांधिक आणि गंधोपचार : सुगंधी तेलांविषयीच्या काही रूढ समजांची ऐतिहासिक तपासणी

१

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील कन्नड तालुका हा अजिंठा-सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत वसलेला आहे. पिशोर हे या तालुक्यातील एक मोठे गाव. याच तालुक्यात, गौताळ्याच्या रानात, पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी १९५९ साली या लेण्यांवरील आपला विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथील ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतील मानले जातात. त्यांतील दोन दाने प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. एका स्तंभलेखात पतिठाण, म्हणजे आजचे पैठण, येथील मितदेव याच्या 'गाधिक' कुलाने स्तंभ दिल्याचे नमूद आहे. अन्य लेखांत 'राजवेज' वछिपुत मगिल याचे व त्याच्या अपत्यांचे दान उल्लेखिले आहे. 'गाधिक' म्हणजे संस्कृत 'गांधिक', सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. 'राजवेज' म्हणजे राजवैद्य. कार्ले येथील चैत्यगृहातही धेनुकाकट येथील सिहदत नावाच्या 'गंधिका'चे दान कोरलेले आहे. तेव्हा हा व्यवसाय त्या काळी दक्षिणापथात चांगलाच प्रतिष्ठित होता, याविषयी संशय उरत नाही.

गंधविक्या आणि वैद्य एकाच डोंगरात शेजारी शेजारी दाने देतात, ही घटना चित्तवेधक आहे. परंतु तिच्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, याचा विवेक करणे अगत्याचे आहे. अलीकडे 'अरोमाथेरपी' अर्थात गंधोपचार या नावाने जी उपचारपद्धती लोकप्रिय झाली आहे, तिच्या पुरस्कर्त्यांकडून असे वारंवार सांगण्यात येते की, ही पद्धती सहस्रावधी वर्षांची असून ती मूळची भारतीय आहे. तिच्यातील तेले प्राचीन वैद्यांच्या नित्य वापरातील होती. आणि ती निसर्गसिद्ध असल्यामुळे सर्वथैव निरुपद्रवी आहेत. या तिन्ही विधानांच्या मुळाशी वस्तूंपेक्षा शब्दांचाच घोटाळा अधिक आहे. यास्तव प्रथम शब्दांची तपासणी करणे योग्य ठरेल.

२

युरोपीय भाषांत या तेलांना 'इसेन्शियल ऑइल' अशा अर्थाचे नाव आहे. काही मराठी वेष्टनांवर व जाहिरातींत त्याचे 'आवश्यक तेल' असे भाषांतर आढळते. हे भाषांतर साफ चुकीचे आहे. येथील 'इसेन्शियल' हा शब्द गरज दर्शवीत नाही. तो 'इसेन्स' म्हणजे सत्त्व या शब्दापासून साधलेला आहे. पृथ्वी, आप, तेज व वायू या चार तत्त्वांपलीकडे पाचवे सूक्ष्म तत्त्व असते, ही कल्पना ग्रीक तत्त्वज्ञानातील. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने ती रसायनविद्येत आणून, वनस्पतीतून असे 'पंचम सत्त्व' वेगळे काढता येते, असे प्रतिपादन केले. तेलाच्या नावातील 'सत्त्व' ते हेच. हे तेल शरीरास आवश्यक आहे, असा अर्थ त्यात कोठेही नाही. अन्नातील काही मेदाम्ले शरीरास खरोखरीच आवश्यक असतात व त्यांनाही इंग्रजीत हेच विशेषण लागते. त्यामुळे गोंधळात भर पडते. शास्त्रीय मराठीत 'बाष्पनशील तेल' हा जो पर्याय योजिला जातो, तोच वस्तुस्थितीस धरून आहे.

'तेल' हा शब्दही असाच फसवा आहे. संस्कृत 'तैल' म्हणजे तिळाचे ते. पुढे अर्थविस्तार होऊन तो करडई, जवस, एरंड, नारळ या सर्वांच्या स्नेहास लागू झाला. घाण्यात पिळून निघणारे हे स्निग्ध तेल कागदावर पडले तर त्याचा डाग कायम राहतो. बाष्पनशील तेलाचा थेंब मात्र काही काळाने बहुतांशी उडून जातो. रसायनदृष्ट्या ही दोन तेले निरनिराळ्या कुळांतील आहेत. पहिले मेदाम्लांचे बनलेले आणि दुसरे प्रामुख्याने टर्पीन वर्गातील लहान रेणूंचे. एकाच नावाखाली ती आली, एवढेच त्यांचे नाते.

'अर्क' या शब्दाविषयीचा समज तर अधिकच दृढ आहे. संस्कृतात 'अर्क' म्हणजे सूर्य, तसेच रुईचे झाड. परंतु 'ओव्याचा अर्क', 'बडीशेपेचा अर्क' या प्रयोगांतील 'अर्क' त्या शब्दाचा वंशज नव्हे. तो अरबी 'अरक' या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे. तापलेल्या पात्राच्या झाकणावर थेंब जमतात, ते त्याचा घामच होय. अरबी शब्दाने मराठीत प्रवेश केल्यावर त्याने संस्कृत शब्दाचे रूप धारण केले आणि त्यामुळे त्याचे परकेपण झाकले गेले. रावणाच्या नावावर चालणारा 'अर्कप्रकाश' हा वैद्यकग्रंथ उत्तरकालीन आहे; परंतु केवळ शीर्षकातील शब्द संस्कृत दिसतो म्हणून त्यातील विद्या वेदकालीन मानण्याकडे कल होतो.

'अत्तर' हाही अरबी 'इत्र' या शब्दाचाच अवतार. 'गुलाब' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल व 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' म्हणजे फुलाचे पाणी, अर्थात गुलाबजल. मराठीने हे नाव फुलालाच दिले आणि मग पाण्यासाठी 'गुलाबपाणी' असा नवा समास करावा लागला. त्यात पाणी दोनदा आले आहे, याची जाणीव बोलणाऱ्यास राहिली नाही. ऊर्ध्वपातित पाण्याचे नाव फुलास मिळते, यावरून ते फूल व त्यापासून पाणी काढण्याची कला यांचा परिचय येथे बहुधा एकाच वाटेने झाला असावा, असे अनुमान करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

३

प्राचीन भारतात गंधशास्त्र नव्हते, असा याचा अर्थ मुळीच नाही. ते होते आणि अत्यंत प्रगत होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ति' हा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात १६ द्रव्यांमधून कोणतीही ४ निवडून १८२० निरनिराळी मिश्रणे होतात, ही संख्या अचूक दिलेली आहे. गणिताच्या इतिहासातही हा उल्लेख मोलाचा मानला जातो. परंतु तेथील कृती पाहिल्या असता चूर्णे, लेप, उटणी, धूप, केशतैले, मुखवास असे त्यांचे स्वरूप दिसते. सुगंध काढण्याची मुख्य रीत म्हणजे तो स्नेहात, पाण्यात किंवा धुरात उतरविणे.

वैद्यकातील तैलांचीही हीच रीत. शास्त्रोक्त तैलपाकात सामान्यतः कल्क १ भाग, तैल ४ भाग व द्रव १६ भाग घेऊन, पाणी आटेपर्यंत मंदाग्नीवर शिजवितात. या क्रियेत औषधीतील गुण तिळाच्या तेलात उतरतात. तथापि उडून जाणारा सुगंधी अंश पुष्कळसा वाफेबरोबर निघून जातो. ऊर्ध्वपातनात नेमके याच्या उलट घडते. तेथे वाफ धरून ठेवतात आणि जे भांड्यात राहते ते टाकून देतात. एक क्रिया ज्याचा त्याग करते, त्याचाच दुसरी संग्रह करते. म्हणून आयुर्वेदातील चंदनादि किंवा अणु तैलाविषयी ग्रंथांत जे गुण सांगितले आहेत, ते चंदनाच्या अथवा अन्य वनस्पतीच्या बाष्पनशील तेलास लागू करणे हे तर्कदुष्ट होय.

ऊर्ध्वपातन भारतास केव्हा अवगत झाले, हा प्रश्न विद्वानांत वादग्रस्त आहे. तक्षशिला येथील उत्खननात सापडलेली मातीची पात्रे ऊर्ध्वपातनाची असावीत, असे मत जॉन मार्शल यांच्या पुनर्रचनेपासून मांडले जाते. ते स्वीकारले तरी मद्य गाळणे व सुगंधी तेल वेगळे करणे या गोष्टी भिन्न आहेत. गुलाबाच्या अत्तराबाबत तर जनमानसात एक निश्चित कथा आहे. ती म्हणजे ते नूरजहानने शोधून काढले. जहांगीर बादशहाने स्वतःच्या आत्मवृत्तात हा मान नूरजहानला न देता तिच्या आईस, म्हणजे अस्मत बेगमेस, दिला आहे. गुलाबपाणी गरम असताना त्यावर जमलेला तवंग तिने गोळा केला व त्या अत्तरास 'इत्र-इ-जहांगीरी' हे नाव सलीमा सुलतान बेगमेने दिले, असे तो सांगतो. कन्येची कीर्ती मोठी असल्यामुळे मातेचे श्रेय लोककथेने तिच्याकडे वळविले.

या विषयात मराठी भाषेचाही एक बहुमोल पुरावा उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात दीर्घकाळ सेवा केलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' व एका अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' हे ग्रंथ प्रकाशात आणले. 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादून १९८९ साली बडोद्याहून प्रसिद्ध केले. सुगंध तयार करणाऱ्या कारागिरास संस्कृत पुरेसे कळत नव्हते व त्याच्यासाठी देशभाषेत समजूत घालणे अवश्य होते, ही गोष्ट त्या टीकेच्या अस्तित्वानेच स्पष्ट होते. गंधविद्या ही केवळ राजदरबारची विद्या नसून ती मराठी बोलणाऱ्या कारागिरांचा धंदा होती. हा वारसा खरा आहे आणि तो अभिमानास्पदही आहे. त्याकरिता त्यावर कल्पित वैद्यकाचा साज चढविण्याचे कारण नाही.

४

आता डोंगरातील गवताकडे वळावे. अजिंठा-सातमाळा व सातपुडा या रांगांच्या उघड्या उतारांवर रोशा नावाचे एक सुगंधी गवत येते. त्याचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. 'रोशा', 'रोहिस' व हिंदीतील 'रूसा' ही सर्व संस्कृत 'रोहिष' किंवा 'रौहिष' या शब्दाची रूपे आहेत. दोन स्वरांमधील हकाराचा लोप होऊन स्वर एकवटणे, ही प्रक्रिया मराठीत सर्वपरिचित आहे. अमरकोशात या अर्थाने 'कत्तृण', 'सौगंधिक' अशीही नावे आढळतात. याच्या तेलास गुलाबासारखा वास येतो व परदेशी बाजारात त्यास 'पामारोझा' म्हणतात. त्यामुळे 'रोशा' हा शब्द इंग्रजी 'रोज'वरून आला, अशी व्युत्पत्ती कित्येकदा ऐकू येते. ती निराधार आहे. शब्द या देशातला व गुलाबाच्या आगमनापूर्वीचा आहे.

हिंदी 'रूसा' या नावात आणखी एक सापळा दडला आहे. उत्तरेत 'रूसा' हे अडुळशाचेही नाव आहे. अडुळसा हे खोकल्यावरील प्रसिद्ध औषध. त्याचा व या गवताचा काडीइतकाही संबंध नाही. तरीही केवळ नामसादृश्यावरून एकाचे गुण दुसऱ्याच्या माथी मारले जाण्याचा संभव राहतो. गवती चहा, रोशा व वाळा यांचेही असेच होते. पहिली दोन एका प्रजातीतील असली तरी गवती चहाच्या तेलात सिट्रल, तर रोशाच्या तेलात जिरॅनिऑल प्रमुख असते; वाळ्याचे तेल मुळांतून निघते व त्याचा घटकसमूहच निराळा आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने या गवतास जनरल क्लॉड मार्टिन याचे नाव दिले. मार्टिन याने टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या वेळी 'बालाघाटा'त या गवताचे बी गोळा करून लखनौस नेले होते. येथेही वाचकाने सावध असावे. हा 'बालाघाट' मराठवाड्यातील बालाघाटचा डोंगर नव्हे. तो म्हैसूरकडील घाटमाथ्यावरचा प्रदेश होय. 'बाला' म्हणजे वरचा. असे बालाघाट दक्षिणेत अनेक आहेत.

या गवताचे तेल काढण्याचा धंदा पश्चिम खानदेशात एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आला होता. कन्नड तालुका त्या काळी निजामाच्या राज्यात होता व घाट उतरताच ब्रिटिशांचा खानदेश लागत असे. खानदेशातील या धंद्याचे बारकाईचे वर्णन १८८० सालच्या खानदेश गॅझेटिअरात आहे. मूळ ठाणे पिंपळनेर. पुढे तेथे गवत विरळ झाल्यावर धंदा नंदुरबार, शहादे व तळोदे या भागांत सरकला. अक्राणीच्या डोंगरात गवत मुबलक होते. पावसाळा सरता सरता, भाद्रपदाच्या सुमारास, मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत आणि जळण व वाहते पाणी जेथे जवळ असेल तेथे, ओढ्याकाठी, भट्टी लावीत. चुलाणावर तांब्याची अथवा लोखंडाची कढई ठेवून तीत पाणी व चिरलेले गवत काठोकाठ भरीत. झाकण कणकेने पक्के लिंपीत. झाकणाच्या भोकातून निघणारी बांबूची नळी कापडाने गुंडाळून व उडदाच्या पिठाने लिंपून दुसऱ्या बंद पात्रात नेत. ते पात्र ओढ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेले असे. वाफ तेथे निवून पाण्यावर तेल तरंगे, ते निपटून घेत.

हे कारागीर कोवळ्या, निळसर पांढऱ्या तुऱ्याच्या गवतास 'मोतिया' व पिकून तांबूस झालेल्या गवतास 'सोफिया' म्हणत. भेद वयाचा आहे, असा त्यांचा समज होता आणि ग्रंथकारांनीही तो काही काळ तसाच उतरून घेतला. पुढे आय. एच. बर्किल याने १९०९ साली, ही एकाच गवताची दोन वये नसून दोन भिन्न वाण आहेत, हे दाखविले. मोतियाचे तेल जिरॅनिऑलने समृद्ध. सोफियाचे तेल हलके, ते बाजारात 'जिंजरग्रास' नावाने जाते. मात्र या चुकीबद्दल कारागिरांस हिणविणे अन्यायाचे होईल. दोन प्रकारचे तेल असते, एक चांगले व एक सामान्य, हे मूळ निरीक्षण त्यांचेच होते. चुकले ते केवळ कारण.

५

खानदेशातील तेल मुंबईस जाई व तेथून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात पोचे. फ्ल्युकिगर व हॅनबरी यांच्या १८७४ सालच्या प्रसिद्ध औषधिग्रंथात या व्यापाराची हकीकत आहे. कॉन्स्टँटिनोपल येथे या तेलास 'इद्रिस याघी' म्हणत. लिंबाच्या रसाने व उन्हाने त्यावर संस्कार करून त्याचा रंग फिका व वास अधिक गुलाबी करीत आणि ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरीत. बल्गेरियातील किझानलिक येथे तर ऊर्ध्वपातनापूर्वी ते फुलांवरच शिंपडीत. यामागील हिशेब सरळ आहे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारणतः ३ ते ४ टन फुले लागतात. रोशाच्या ताज्या गवतातून अंदाजे अर्धा टक्का तेल मिळते, म्हणजे एक किलो तेलास २०० किलो गवत पुरते. अशा प्रकारे सातपुड्याच्या उतारावर भिल्लांनी कापलेले गवत युरोपातील श्रीमंतांच्या रुमालांवर अस्सल गुलाब म्हणून दरवळत होते.

व्यापारात या तेलाचे खरे नाव कोणीच घेत नसे. ते 'तुर्की जिरॅनियम तेल' किंवा 'भारतीय जिरॅनियम तेल' या नावांनी विकले जाई. वस्तुतः ते तुर्की नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. परंतु नावाचा परिणाम विज्ञानापर्यंत पोचला. १८७१ साली जर्मन रसायनज्ञ ऑस्कर याकोबसेन याने या 'भारतीय जिरॅनियम तेला'तून एक मद्यार्कवर्गीय द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले व त्यास 'जिरॅनिऑल' हे नाव दिले. ते द्रव्य खऱ्या जिरॅनियमच्या तेलातही असते, ही गोष्ट वेगळी. पण प्रथम ते निघाले ते या गवतातून. व्यापाऱ्यांच्या खोट्या चिठ्ठीवरून रसायनशास्त्रातील एका रेणूचे कायमचे नामकरण झाले आणि रोहिषाची आठवण त्या नावात उरली नाही.

प्राचीन ग्रीक व रोमन ग्रंथांतील 'नार्ड' या बहुमोल सुगंधाशीही या गवताचा संबंध जोडण्यात आला होता. गिल्बर्ट ब्लेन याने १७९० साली नार्ड म्हणजे एक भारतीय सुगंधी गवत होय, असे मांडले. विल्यम जोन्स याने त्याच सुमारास ती जटामांसी असल्याचे प्रतिपादिले. चार्ल्स हॅचेट याने १८३६ साली पुन्हा गवताचा पक्ष घेतला. आज जोन्स याचेच मत सामान्यतः मान्य आहे; जटामांसी ही हिमालयातील वनस्पती होय. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील प्रवासग्रंथात भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात नार्ड, कुष्ठ व गुग्गुळ यांचा उल्लेख आहे आणि त्याच बंदराशी व्यापार करणाऱ्या दक्षिणेतील नगरांत पैठणचेही नाव आहे. पितळखोऱ्यास स्तंभ देणारे मितदेवाचे कुल कोणत्या मालाचा व्यापार करीत असे, याची काहीशी कल्पना या यादीवरून येते. तो माल मुळांचा, सालींचा व डिंकांचा होता. कुप्यांतील ऊर्ध्वपातित तेलांचा नव्हे.

६

'अरोमाथेरपी' हा शब्द तर विसाव्या शतकातला आहे. रने-मोरिस गातफोस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १९३७ साली त्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातील होता. प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचा हात भाजला, त्याने तो चुकून लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडविला व जखम चमत्कारिकरीत्या बरी झाली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. १९१० साली अपघात झाला हे खरे. परंतु त्याच्या स्वतःच्या कथनात चुकून हात बुडविण्याचा प्रसंग नाही. भाजल्यानंतर जखमांत कोथ सुरू झाला असता त्याने हेतुपुरस्सर त्या तेलाने त्या धुतल्या, असे तो सांगतो. म्हणजे तो जंतुनाशकाचा प्रयोग होता, वासाचा नव्हे. जाँ व्हाल्ने या फ्रेंच डॉक्टराने १९६४ साली हा विषय पुढे नेला व रॉबर्ट टिसरँड याच्या १९७७ सालच्या पुस्तकाने तो इंग्रजी वाचकांत पसरला. त्यानंतर भारतात तो परत आला तेव्हा तो 'आपलाच' म्हणून ओळख सांगत आला.

या तेलांत काहीच गुण नाहीत, असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. प्रयोगशाळेतील पात्रात अनेक तेले जंतूंची वाढ रोखतात. सुखद वासाने मन काही काळ स्वस्थ होते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु पात्रातील जंतू मरणे व माणसाचा रोग बरा होणे यांत मोठे अंतर आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील गंधोपचाराच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०२० साली जो आढावा घेतला, त्यात लाभ होतो असे खात्रीने म्हणण्याइतका पुरावा आढळला नाही.

निसर्गसिद्ध म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र केवळ चुकीचा नसून घातक आहे. मराठी घरांत सांधेदुखीसाठी गंधपुरा तेल ठेवलेले असते. नाव मोठे गोड. परंतु ते जवळजवळ सर्वस्वी मिथिल सॅलिसिलेट असते. एक चहाचा चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, तेलात सुमारे ७ ग्रॅम अॅस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. ते पोटात गेल्यास लहान मूल दगावू शकते. निलगिरीचे तेल व कापूर यांचेही तसेच. कापूर पोटात गेला असता मुलांना आचके येतात. शिवाय 'भीमसेनी' किंवा 'बरास' कापूर म्हणून ग्रंथांत जो प्रशंसिला आहे, तो सुमात्रा-बोर्निओकडील एका वृक्षाचा, बोर्निऑल नावाच्या द्रव्याचा. 'बरास' हा शब्दच सुमात्रातील बारूस या बंदराची खूण आहे. देवघरातील नेहमीचा कापूर हे वेगळे द्रव्य असून तो आता बहुशः टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. जुन्या नावावर नव्या वस्तूचा विश्वास चालतो, तो असा.

करोनाच्या साथीत, विशेषतः २०२१ च्या उन्हाळ्यात, कापूर, लवंग, ओवा व निलगिरी तेल यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, असा संदेश महाराष्ट्रात घरोघर पोचला होता. त्यास कोणताही आधार नव्हता. अशा वासाने नाकात थंडावा जाणवतो व श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातील प्राणवायूत भर पडत नाही. ज्या रोग्याने त्या भासावर विसंबून रुग्णालयात जाण्यास विलंब केला असेल, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाही.

७

पुन्हा एकवार गांधिकाच्या दुकानाकडे पाहणे उपयुक्त होईल. संस्कृत 'गांधिक' याचा वंशज गुजरातीतील 'गांधी' हा शब्द. त्याचा अर्थ किराणा व औषधी विकणारा असा झाला. अरबी 'अत्तार' या शब्दात सुगंधविक्या व औषधविक्या हे दोन्ही अर्थ नांदतात. महाराष्ट्रातील आतार कुंकू, बुक्का, उदबत्ती व अत्तर यांबरोबर जडीबुटीही विकीत. एकाच दुकानातून दोन वस्तू मिळत म्हणून त्या वस्तू एक ठरत नाहीत. पितळखोऱ्याच्या लेखांत गांधिक व राजवैद्य हे दोन निराळे दाते आहेत. त्यांची नावे, कुले व व्यवसाय स्वतंत्रपणे कोरले गेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांनी जो भेद सहज पाळला, तो आधुनिक जाहिरातीने पुसून टाकावा, हे आश्चर्यकारक आहे.

या विवेकाचे व्यावहारिक मोलही कमी नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ साली 'अरोमा मिशन' हाती घेऊन रोशा, गवती चहा, वाळा इत्यादींच्या लागवडीस उत्तेजन दिले. कमी पाण्यावर व हलक्या जमिनीत येणारी ही पिके पिशोर, कन्नडसारख्या कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्यास विचारात घेण्यासारखी आहेत. परंतु त्याने पुढील गोष्टी जाणून घेणे अवश्य आहे. रोशाचे तेल विकत घेणारे गिऱ्हाईक मुख्यतः साबण, सुगंध व तंबाखूचे कारखानदार आहेत. मोतियाऐवजी सोफियाचे बियाणे हाती पडल्यास भाव कोसळतो. आणि तेलाची किंमत त्यातील जिरॅनिऑलच्या प्रमाणावर ठरते, त्याच्या प्राचीनत्वावर नव्हे. खानदेशातील जुना धंदा स्वतःचे नाव राखू शकला नाही. माल येथला, नाव तुर्कस्तानचे, कीर्ती गुलाबाची आणि नफा मधल्या व्यापाऱ्यांचा, अशी त्याची वाटणी झाली. चुकीच्या नावाची किंमत शेवटी गवत कापणाराच चुकवितो, हा त्या इतिहासाचा निष्कर्ष आहे. नवा उद्योग उभारताना प्रथम वस्तूस तिच्या खऱ्या नावाने ओळखणे आणि नंतर तिच्या खऱ्या गुणांपुरतेच तिच्याविषयी बोलणे, हे शास्त्रदृष्ट्या जितके योग्य, तितकेच शेतकरी व रोगी या दोघांच्याही हिताचे ठरेल.